गोटीरामचं जांभळं लुगडं

त्या दिवशी सकाळी कुसाबाईनं खाटेवरूनच सुनेला सांगितलं, "लंके, ते जांभळं लुगडं फाड. चार बोटं पट्ट्या. कडेला लावल्या का संध्याची गोधडी झाली."

संध्या कुसाबाईची लेक. नाशकात दिलेली, दिवस भरत आलेले. बाळ यायच्या आत गोधडी पोचवायची, एवढंच कुसाबाई धरून बसलेली. चार टाके घातले का दम लागायचा, आडवी व्हायची, परत उठायची. घोटीत तिच्यासारखी गोधडी कोणी शिवत नव्हतं. नाशकातल्या गंगापूर रोडच्या बंगल्यांतनं जुन्या साड्यांची गाठोडी एसटीनं आणायची, शिवून परत न्यायची. नवं कापड दिलं तर घ्यायची नाय. म्हणायची, नवं टोचतं.

लंकाबाईनं पेटी उघडली. तळाला जांभळं लुगडं होतं, धुतलेलं, घडी मोडलेलं. तिला वाटलं, हेच. ओट्यावर बसून कात्रीनं नऊवारीचे चार तुकडे केले. मग कडेला जरा चीर द्यायची अन फर्रकन ओढायचं. कात्रीनं पट्टी वाकडी जाते, फाडली का सुतात जाते, हे सासूनंच शिकवलेलं. सहा पट्ट्या झाल्या.

आतून कुसाबाई ओरडली, "थांब! काय फाडती गं? जुनं कापड आसं ओरडत नाय. हे नवं वाजतंय!"

लंकाबाई पट्ट्या घेऊन आत गेली. कुसाबाईनं डोक्याखालची घडी ओढून काढली. पार विटलेली, पण जांभळीच.

"हे सांगितलं होतं मी. तू गोटीरामचं फाडलं?"

गोटीराम तिचा भाऊ. मरायच्या आधीच्या भाऊबीजेला त्यानं ते घेतलेलं. बाई गेली का माहेरचं लुगडं नेसवावं लागतं, अन माहेरात आता कोणीच उरलं नव्हतं. म्हणून एकदाच नेसून तिनं ते जपून ठेवलेलं. ही गोष्ट लंकाबाई या घरात यायच्या आधीची. आसं एक लुगडं हाय एवढं तिला ठाऊक होतं, रंग कोणी सांगितला नव्हता.

"आत्या, चुकले मी."

"आता चिंध्या नेसून जाऊ व्हय भावापुढं?" म्हणली अन भिंतीकडं तोंड केलं.

लंकाबाई खाटेशी बसली अन लुगडं परत सांधायला पट्टीला पट्टी जोडायला लागली. चूल पेटवली नाय. शेजारची भागुबाई दारातनं म्हणली, "आज सासू-सुना गोधडीच खाता का काय?" लंकाबाईच्या बोटाला सुई लागली तरी ती थांबली नाय.

दुपारी कुसाबाई हळूच बोलली, "गाठ बारीक मार. टोचंल."

"व्हय आत्या."

अजून एक पट्टी जोडून झाली. "आत्या, पाणी देऊ?" लंकाबाईनं विचारलं. मान वर करून बघितलं तर कुसाबाई गेली होती. कधी गेली, हाताशी बसून तिला कळलं नाय.

बाया जमल्या. भागुबाई म्हणली, "माझ्याकडं कोरं हाय, ते नेसवू."

"नाय! माहेरचंच. दोन शिवणी राहिल्यात. थांबा जरा, पाया पडते तुमच्या."

बाहेर माणसं घाई करत होती. लंकाबाईला सुईचं नाकं दिसंना. भागुबाईनं तिच्या हातातनं दोरा घेतला, ओवला अन दुसऱ्या टोकाला शिवायला बसली. नेसवताना लंकाबाईनं सगळ्या गाठी बाहेरच्या अंगाला केल्या.

तेराव्याला लंकाबाई दुकानात गेली. संध्याला माहेर म्हणून आता तीच, तिनंच साडी करायची. तिनं एक साधी निळी काढली.

दुकानदार म्हणला, "ब्लाउजपीस वेगळा करून देतो," अन कडेला चीर देऊन दोन्ही हातांनी धरलं.

लंकाबाईनं झटकन त्याचा हात धरला.

"ओढू नका दादा. कात्रीनं कापा."

"वाकडं जाईल, ताई."

"जाऊ द्या वाकडं."