नाणेआबांची मिसळ

नाणेआबांच्या चंचीत तंबाखूसोबत रुपयाची दोन नाणी असत. ती त्यांनी उभ्या जन्मात खर्चली नाहीत. नेकनूरजवळच्या आमच्या गावात मेंढरं राखणारा हा माणूस, शाळेचं तोंड न पाहिलेला. पण तिघांत तंटा झाला की गाव त्यांनाच बोलवायचं.

दोन्ही नाणी उडवायची. दोन्ही छाप पडले तर एकाचं, दोन्ही काटे पडले तर दुसऱ्याचं, आणि एक छाप एक काटा, म्हणजे मिसळ आली तर तिसऱ्याचं. कुणाला काय द्यायचं हे आबा ठरवत. तिघांना तीन वाटा, खोट कोण काढणार?

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दोन चुलते आणि आई, जमिनीचे तुकडे तीन, विहीर मात्र एकातच. तो तुकडा हुकला तर आई मला घेऊन माहेरी शिरूर कासारला जाणार आणि तिथून दरसाल ऊसतोडीला, हे ठरल्यातच जमा होतं. आबांनी आईला मिसळ दिली. नाणी उडवताना त्यांचा हात थरथरला. म्हातारा थकला, लोक म्हणाले. मिसळच आली.

दहावीत बाईंनी फळ्यावर दोन नाण्यांचा नमुना अवकाश लिहिला. पहिल्यावर काय, दुसऱ्यावर काय, हा क्रम धरायचा, म्हणाल्या. छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा. मी मोजलं, परत मोजलं. चारांत मिसळी दोन! चुलत्यांना चारातली एकेक आणि आम्हाला दोन? सहा वर्षं आम्ही त्या विहिरीचं पाणी पीत होतो.

शाळा सुटली तशी माळावर गेले. आबा चुकले असतील, अशी वेडी आशा होती. ते मेंढरं वाड्यात घेत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडं बोट केलं.

"दोन मेंढरं भाईर निघाली. दोन्ही काळी निघायची तर येकच तऱ्हा. पर काळं-पांढरं निघायचं तर आधी काळं, न्हाईतर आधी पांढरं. जलम गेला माजा ह्या दारात."

म्हणजे माहीत होतं! गावातले जुने तंटे आठवायला लागले. मिसळ दर वेळी विधवेला, पांगळ्याला, नाहीतर दुबळ्या धाकट्याला. मला रागही आला. चुलत्यांनी काय घोडं मारलं होतं? मग विहीर सरळ आईलाच का नाही दिली, म्हटलं.

"मी दिली आसती तर त्ये तुज्या आईशी जलमभर बोलले नसते. नाण्यानं दिली, म्हनून गोडीनं हायेत."

"आणि दोन्ही छाप पडले असते तर?"

आबांनी वाड्याचं दार ओढून घेतलं. "म्हनून तर हात कापत व्हता, बाय."

आबा गेल्या वर्षी गेले. थोरले चुलते खांदा द्यायला सगळ्यांत पुढं होते. असा निवाडा करणारा माणूस परत होणे नाही, म्हणत ते ढसाढसा रडले. मी शेजारीच उभी होते.

आता नेकनूरच्या शाळेत मीच गणित शिकवते. यंदा थोरल्या चुलत्यांची नात माझ्या वर्गात आहे, पोरगी हुशार आहे. आबांच्या नाण्यांची गोष्ट तिनं आजोबांकडून शंभरदा ऐकलीय. उद्या संभाव्यतेचा धडा. चारही ओळी फळ्यावर लिहाव्याच लागतील. आज वर्ग सुटल्यावर खडू हातात घेऊन पाहिला, तर माझाही हात कापत होता.