ताईला मारलेली हाक

हरभऱ्याची डाळ शिजत घातली की तिच्या वासाने मला लालबागच्या आमच्या खोलीतला पोपट आठवतो. चाळीच्या आवारातल्या झाडावरून पडलेलं, पिसंही धड न फुटलेलं ते पिल्लू मीच ओढणीत घालून वर आणलं होतं. मऊ शिजवलेली डाळ कुस्करून आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने मी त्याला दिवसातून कितीतरी वेळा भरवायचे. मी शाळेत असले की आई भरवायची. ताईने मात्र त्याला कधी हातही लावला नाही, तिला त्याची किळस यायची. पोपट मोठा झाला तशी मी त्याला रोज माझं नाव शिकवू लागले, आणि एके सकाळी तो स्पष्ट बोलला, "ताई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर मीच तिला हाका मारायचे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पुढे ताई लग्न होऊन सासरी गेली, तरी ह्याचं "ताई, ताई" चालूच. एका दुपारी मी चिडून पिंजऱ्यावर चादर टाकली. "भरवलं मी, आणि नाव तिचं घेतोस?" भाकऱ्या थापणारी आई उठून आली आणि पिठाच्या हातानेच तिने चादर काढली. "बोलू दे गो त्याला," ती म्हणाली, "आता इथे तिला हाक मारणारं दुसरं कोण आहे?" आईचा तो आवाज मला आज कळतो. त्या दुपारी मात्र माझ्या मनात एवढंच आलं, की मी गेल्यावर ह्या घरात माझं नाव कोण घेणार.