दाताचा सूर

पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागच्या रांगेत उभा राहून ट्रम्पेट वाजवत होता. घरी आला की बायको विचारायची, "आज तरी घेतलं का हो कुणी तुमचं नाव?" कुणी घेतलेलं नसायचं. मग एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने त्याला बोलावलं. "तुझ्या नावाचा अल्बम काढू. पाच जण जमव, एक दिवस स्टुडिओ देतो." तेव्हा जॅझ नुकता तापू लागला होता. गुळगुळीत वाजवणं मागे पडलं होतं, ड्रम पुढे सरकला होता, ट्रम्पेटने भांडल्यासारखं बोलायचं होतं. ते तर त्याला आयुष्यभर येतच होतं!

आणि नेमका त्याच आठवड्यात वरचा पुढचा दात हलायला लागला. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, पण ते असं शब्दशः वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तुम्ही म्हणाल, एका दाताचं काय एवढं? अहो, ट्रम्पेट ओठांनी वाजतो, पण ओठ टेकतात दातांवर. भिंतच गेली तर खुंटी ठोकणार कुठे? दातांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, "महिनाभर वाजवू नका, दात वाचेल. वाजवलंत तर गेलाच म्हणून समजा." त्याने मालकापुढे अक्षरशः दातांच्या कण्या केल्या. मालक म्हणाला, "तारीख सोडलीस तर ती दुसऱ्याला देईन." घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही."

सहापैकी पाच गाणी झकास झाली. प्रत्येक गाण्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून रुमालाला रक्त पुसायचा. सॅक्सोफोनवाल्याला वाटलं, गडी रडतोय. सहावं गाणं संथ होतं, बायकोसाठी बांधलेलं. त्यात सगळ्यात वरच्या सुरावर दाताने दगा दिला. सूर तडकला, घोगरा होऊन खाली घसरला. जिद्दीने त्याने तो पुन्हा पकडला आणि गाणं संपवलं.

काचेमागून रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "परत एकदा घ्यायचं?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा दाताच्या जागी नुसतं रक्त बघून ड्रमवाल्याने मान फिरवली.

"हे छापू नका," एवढं तो म्हणाला. मालक "बरं" म्हणाला आणि छापून मोकळा झाला. दुसरं रेकॉर्डिंग होतंच कुठे?

बायको त्या दिवशी ढसाढसा रडली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं! कुणीतरी म्हणायला नको?"

तीन वेळा त्या दाताची कवळी बदलून पाहिली, हवा निसटायची ती निसटायचीच. शेवटी त्याने वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुसऱ्यांच्या ट्रम्पेटचे पोचे काढायचे, अडकलेल्या कळा सोडवायच्या, यात वीस वर्षं गेली. बायको कधीमधी ती रेकॉर्ड लावायची, पण सहावं गाणं सुरू व्हायच्या आत सुई उचलायची.

परवा दुकानात संगीत कॉलेजच्या एक बाई आल्या. ट्रम्पेट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काका, यात काहीतरी बिघाड आहे. एका ठिकाणी सूर तडकायला हवा, तो तडकतच नाही." त्यांनी वही उघडली. त्याच्याच सहाव्या गाण्याचे सूर नीट उतरवलेले होते आणि एका सुराभोवती लाल गोल होता. "आमच्याकडे हे परीक्षेला असतं. जुना वादक, एकच अल्बम काढला. पण काय छाती असेल हो, ऐन वरच्या सुरावर मुद्दाम मोडतो!"

मुद्दाम! त्याच्या अंगाची लाही लाही झाली. अल्बमवरच्या फोटोतला तरणा माणूस बाईंना समोर ओळखू येत नव्हता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्याने कळा तपासल्या, नळीत उजेड धरून पाहिलं.

"ट्रम्पेट ठणठणीत आहे, बाई."

"मग तो सूर येतो कसा?"

त्याने कवळी काढली आणि वहीशेजारी ठेवली.

"असा," तो बोबड्या तोंडाने म्हणाला. "सूर नव्हता तो. दात होता. पोरांना नीट वाजवू द्या."

बाईंनी कवळीकडे पाहिलं, वहीतल्या लाल गोलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मग तिथे खरं काय वाजवायचं होतं तुम्हाला?"

सवयीने त्याने ट्रम्पेट उचलला, ओठांना लावला आणि फुंकला. बाई कान देऊन उभ्या होत्या. नुसती हवा आली.