उचला, उचला!

आमच्या नागपुरात रस्त्यावर कोणी पडलं की लोकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "उचला!" पडलेल्याला उचलायचं, पाणी पाजायचं, दिसेल त्या ऑटोत घालायचं. जो नुसता उभा राहील तो निर्दयी. मीही हेच बघत वाढले, तर दुसऱ्यांना काय बोलणार, कप्पाळ!

आमचे हे इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते. एका दुपारी लकडगंजच्या चौकात टेम्पोनं त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. समोरचा पानठेलेवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, तो हातातलं टाकून धावला. त्यानं हेल्मेट ओढून काढलं, यांना बखोटीला धरून बसवलं, पाणी पाजलं आणि मांडीवर डोकं घेऊन ऑटोनं रामदासपेठेत दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा तो अनोळखी माणूस माझ्यापेक्षा जास्त रडत होता.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मानेचं हाड मोडलं होतं. "पडल्यामुळे की उचलताना, ते आता सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण हलवायला नको होतं. श्वास चालू होता ना? मग मान धरून तिथंच अँब्युलन्सची वाट बघायची." जीव वाचला. मानेखालचं शरीर मात्र गेलं ते गेलंच.

तेव्हापासून दर रविवारी पानवाला घरी यायचा. मीठा पान आणायचा, बारीक तुकडे करून यांना स्वतःच्या हातानं भरवायचा. "त्या दिवशी मी उचललं नसतं न भाऊ, तं तुमी गेलेच होते," म्हणायचा. हे हसायचे. "तुह्यामुळंच आहो गा मी."

आणि मी आत भांडी आपटायचे. असा संताप यायचा की काय सांगू! एकदा यांच्यापुढे बोलूनच टाकलं सगळं. तर म्हणाले, "त्याले काही बोलू नको वं. दुसरं कोण येते माह्याकडे?" खरंच होतं. मित्र, पाहुणे केव्हाच पांगले होते. मग मी तोंड शिवून घेतलं.

मागच्या महिन्यात औषधं घेऊन परतत होते. त्याच चौकात एक तरुण मोटारसायकलवरून फेकला गेला. लोक धावले. उचला, उचला! सगळ्यांत पुढे आमचा पानवाला. त्यानं हेल्मेटला हात घातला आणि माझं डोकंच फिरलं.

"हात लावू नका त्याला!" पिशवी टाकून मी त्या पोराच्या डोक्याशी बसले, हेल्मेटसकट डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "अँब्युलन्स बोलवा कोणीतरी! आणि गाड्या अडवा, नुसते बघता काय!"

लोक माझ्यावरच उखडले. "बाई, माणुसकी हाये का नाही?" पानवाला गोंधळून गेला. "काहून वहिनी? आपल्या भाऊले मीच उचललं होतं न?"

"म्हणूनच सांगते ना!"

निघून गेलं तोंडातून. तो वाकलेला तसाच राहिला. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा. तो उठला आणि अँब्युलन्स येईपर्यंत रस्त्याच्या मधोमध हात पसरून गाड्या थांबवत उभा राहिला. तो पोरगा नंतर स्वतःच्या पायानं चालत घरी गेला म्हणे. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

त्या रविवारी पानवाला आला नाही. पुढच्याही नाही. शेवटी मीच ठेल्यावर गेले. "या ना घरी. ते वाट पाहून राहिले."

त्यानं मान वर केली नाही. "कोणत्या हातानं भरवू, वहिनी?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्याला सांगितलं, नक्की कशानं झालं ते कोणालाच माहीत नाही, असं परत परत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आला मात्र नाही.

घरी मी थाप मारली, गावाला गेलाय म्हणून. थाप किती दिवस टिकणार? परवा रविवारी यांचं अंग पुसत होते.

"माह्यं काही चुकलं का वं?" त्यांनी विचारलं. "काहून येत नाही तो?"