फाटकाच्या डाव्या बाजूचा दिवा

जावा बेटावरच्या बेकासी शहरातलं हे घर कास्मिनीबाईंनी घेतलं ते घरासाठी नव्हेच, समोरच्या बागेसाठी. बिल्डरच्या रंगीत चित्रात झोपाळे होते, झाडं होती. प्रत्यक्षात उभं राहिलं नुसतं बागेचं लोखंडी फाटक. ना कुंपण, ना बाग. मागे कमरेएवढं गवत. नवरा वाट बघत बघत गेला. बाई मात्र ओट्यावर उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी विकत फाटकावर नजर ठेवून होत्या.

आणि एक दिवस तिथे दुकानांच्या गाळ्यांची पाटी लागली. बाई तडक बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर हेर्मान म्हणाला, "बु," तिकडे बाईमाणसाला आदराने असंच म्हणतात, "चित्र ते चित्रच असतं."

"मग पैसे पण चित्रातलेच द्यायचे होते!" बाई कडाडल्या आणि परतल्या.

त्याच आठवड्यात त्यांची लेक रेत्नो बाळंत झाली, मुलगी झाली. दवाखान्यातून जावई मडक्यात बाळाची नाळेसकट वार घेऊन आला आणि दारातच अडला. मूळच्या जावाच्या माणसांत वार दाराशी पुरतात, वर महिनाभर दिवा तेवत ठेवतात. पण इथे दारापासून मोरीपर्यंत सगळी फरशी.

"आई, एक फरशी फोडू का?"

"फरशी कशाला? अंगण आहे की समोर."

मुलीची वार डावीकडे. जावयाने फाटकाच्या डाव्या बाजूला खड्डा घेतला. बाईंनी दिवा लावला, वर बांबूची टोपली पालथी घातली.

शेजारच्या तिउरबाई बटाक जमातीच्या, सुमात्राकडच्या. फाटक्या तोंडाच्या. "अगं बु, उद्या खोदायचं मशीन येऊन तुझा दिवाबिवा सगळा उखडेल!"

"हात लावून तर बघू देत."

मशीन आलं, सोबत हेर्मानही. बाई दिव्याशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरला, टोपली पाहून थबकला.

"बु, मुलगा का मुलगी?"

"मुलगी. माझी नात."

त्याने जाऊन इंजिन बंद केलं. हेर्मान ओरडला, तसा म्हणाला, "साहेब, माझी पण आईनं अशीच पुरलीय. यावरनं मशीन नेलं तर तिला काय तोंड दाखवू? दुसरा माणूस बघा."

दुसरा आला, तोही जावाचाच. त्याने तर टोपलीला हात जोडले.

हेर्मान चरफडला. "दिवा विझेल ना कधीतरी? त्या दिवशी येतो."

बाईंना रडू आलं, पण ते त्यांनी गिळलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लोगल्ली हिंडू लागल्या. जिचं पोट दिसेल तिला सांगायच्या, "पोरी, फरशी फोडू नकोस. अंगण आहे आपल्याला." बायका हसायच्या, हो म्हणायच्या, येत मात्र कुणी नव्हतं.

महिना सरला. सकाळी हेर्मान मशीन घेऊन हजर. बाईंनी टोपली उचलली. महिना झाला की दिवा विझवायचा, रीत ती रीत. त्यांनी फुंकर मारली.

"झालं ना, बु? उठा आता."

"थांब रे मेल्या!" मागून तिउरबाईंचा आवाज आला. हातात मडकं, मागे नुकताच बाप झालेला त्यांचा मुलगा, खांद्यावर कुदळ. त्या कास्मिनीबाईंकडे बघेचनात. "आमच्यात असलं काही नसतं. पण माझा नातूही याच गल्लीत वाढणार ना?"

कास्मिनीबाईंचे डोळे आता मात्र वाहू लागले. त्यांनी स्वतःची टोपली तिउरबाईंच्या हातात दिली आणि स्टूल उचलून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं.

"मुलगा ना? मग उजवीकडं खण."