अर्धी सारवलेली चूल

नवा माठ भरला की ओल्या मातीचा वास येतो आणि मला सौदी अरेबियातल्या अबकैकजवळचा तो चर आठवतो. रस्ता होण्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला आम्ही तो खणला होता. त्यात रोमन काळातल्या वस्तीची चूल निघाली. तेवढ्यात आखाती युद्ध पेटलं आणि चर बुजवून निघण्याचा हुकूम आला.

खोदकामावरचे रत्नागिरीचे दाऊदचाचा पिण्याच्या पाण्यात माती कालवून चूल सारवू लागले.

“चाचा, पुरावा बिघडेल.”

“दोन हजार वर्षं टिकली, ती माझ्या हातानं बिघडणार? घर सोडताना चूल सारवून निघायचं असतं, साहेब.”

मी त्यांचा हात धरून थांबवला. अर्धी चूल कोरडीच बुजली.

आता तिच्यावरून रस्ता जातो. उरलेली अर्धी चूल सारवायला मिळावी, असं अजून वाटतं.