भोंगा वाजला आणि ताई उठली

मंडळी, आज वटारला भाचीच्या मुलीचं लग्न होतं. आत्ताच घरी आलेय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंडपाबाहेर दोन गाड्या होत्या. नवरदेवाची लालभडक स्पोर्ट्स कार आणि त्याच्या काकांनी हौसेनं जपलेली जुनी काळी मोटार. पोरं लाल गाडीभोवती सेल्फी काढत होती. मीही कौतुकानं आत बसायला गेले. बसतेय कसली, पडलेच! बाहेर काढायला दोघं लागले.

मग काळ्या गाडीकडे वळले. पायरीवर पाय ठेवला की सरळ आत. पन्नासच्या दशकात आमचे बाबा अश्शीच टॅक्सी स्टेशन ते वटार चालवायचे. धुळीनं माखून यायचे. केळीच्या वाडीपाशी, वळणावर त्यांचा भोंगा वाजला की आई आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवायची.

या गाडीलाही तसाच रबरी भोंगा होता. दाबला. पों पों!

माझी मोठी बहीण मंडपात बसली होती. पंच्याऐंशी वर्षांची, जन्मभर शाळेत शुद्ध मराठी शिकवलेली. ती ताडकन उठली आणि म्हणाली, "अगं, पानी ठेव! बाबा आले."

मग ओशाळली. काठी टेकत गाडीपाशी आली.

तेवढ्यात नवरानवरीला घेऊन लाल गाडी निघाली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. ताईनं तिकडे पाहिलंही नाही. केळीच्या वाडीच्या वळणाकडे बघत मला हळूच म्हणाली, "परत एकदा वाजव ना."

तुम्ही वाजवला असता?